पीएमईजीपीचं अनुदान टीडीआरमध्ये: कर कशावर लागतो, परत कधी मागतात?

हळदकांडी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आकडे आधी देतो, म्हणजे उत्तर देणं सोपं जाईल.

सांगली जिल्हा, ग्रामपंचायत हद्द, हळद दळून पॅक करायचं युनिट. प्रोप्रायटरशिप, खुला प्रवर्ग. पीएमईजीपीत (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम) मंजूर प्रकल्पखर्च २४ लाख: मशिनरी १४ (जीएसटी सोडून), स्वतःच्या जागेवर शेड ६, खेळतं भांडवल ४. स्वतःचे १० टक्के, म्हणजे २.४० लाख. बँकेचे २१.६०, त्यात टर्म लोन १८ आणि कॅश क्रेडिट (खेळत्या भांडवलासाठी लागेल तशी उचल) ३.६०. कर्जाचा पहिला हप्ता ऑगस्ट २०२४, उत्पादन नोव्हेंबर २०२४ पासून. सबसिडी २५ टक्के, म्हणजे ६ लाख, जानेवारी २०२५ मध्ये बँकेत आली आणि तीन वर्षांसाठी टीडीआर (मुदत ठेवीची पावती) झाला.

प्रश्न:
१) सीए म्हणतात ६ लाख मशिनरीतून वजा करा. दुसरे एक जण म्हणतात कॅपिटल रिझर्व्हला टाका, कर लागतच नाही. बरोबर कोण?
२) या ६ लाखांवर जीएसटी भरायचा का?
३) तीन वर्षांच्या आत पॉलिशर ड्रम विकून मोठा घेतला तर सबसिडी परत जाते का?
४) पुढे राज्याच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत जायचा विचार आहे. सरकारने मध्येच योजना बदलली तर कायद्याने काही करता येतं का?

---

खतावणी

सीए निम्मे बरोबर आहेत. सगळे ६ लाख एकट्या मशिनरीतून वजा होत नाहीत.

तुमचं वर्ष २०२४-२५, म्हणून १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याची कलमं सांगतो. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू, तिथे क्रमांक वेगळे. इथे दोन तरतुदी एकत्र वाचायच्या. कलम २(२४) चा अठरावा उपखंड म्हणतो की केंद्र किंवा राज्य सरकार, त्यांचं प्राधिकरण किंवा संस्था यांच्याकडून मिळालेली सबसिडी, अनुदान, माफी, सवलत, परतावा हे सगळं ‘उत्पन्न’. त्याला तुमच्या कामाचा अपवाद एकच: कलम ४३(१) च्या दहाव्या स्पष्टीकरणानुसार जी रक्कम मालमत्तेच्या मूळ किमतीतून वजा झाली, ती उत्पन्न नाही. म्हणजे प्रत्येक रुपया एकतर मालमत्तेची किंमत कमी करतो नाहीतर उत्पन्नात येतो. तिसरं खातं नाही.

सबसिडी एखाद्या ठरावीक मशिनसाठी नसून अख्ख्या प्रकल्पासाठी असेल, तर ज्या मालमत्तांच्या संदर्भात ती मिळाली त्यांच्यात किमतीच्या प्रमाणात वाटायची, असं त्याच स्पष्टीकरणाचं परंतुक सांगतं. तुमची वाटणी:

मशिनरी: १४/२४ × ६ लाख = ३.५० लाख
शेड: ६/२४ × ६ लाख = १.५० लाख
खेळतं भांडवल: ४/२४ × ६ लाख = १.०० लाख

मशिनरीची किंमत घसाऱ्यासाठी १४ नव्हे, १०.५० लाख. दर १५ टक्के, पण नोव्हेंबरपासून ३१ मार्चपर्यंत १८० दिवस भरत नाहीत म्हणून पहिल्या वर्षी निम्मा, ७.५ टक्के. घसारा ७८,७५०, पूर्ण किमतीवर काढला असता तर १,०५,००० आला असता. शेड ४.५० लाख, १० टक्क्यांच्या निम्मा ५ टक्के, म्हणजे २२,५००.

राहिला खेळत्या भांडवलाचा १ लाख. त्यावर घसारा नाही, मग तो वजा कशातून करणार? माझ्या मते तो त्या वर्षाच्या उत्पन्नात दाखवायचा. काही सीए पूर्ण ६ लाख स्थावर मालमत्ता आणि मशिनरीवरच वाटतात. तसं केलं तर आज कर लागत नाही, पुढच्या वर्षांचा घसारा तेवढा कमी होतो. पण सबसिडी प्रकल्पखर्चाच्या टक्केवारीने दिली आहे आणि त्या खर्चात खेळतं भांडवल आहे, हे मंजुरीपत्रावरच छापलेलं असतं. अधिकाऱ्याने ते पुढे ठेवलं की बाजू लंगडी पडते.

कलम ४४एडीखाली (उलाढालीच्या ठरावीक टक्क्याने नफा धरण्याची पद्धत) विवरणपत्र भरत असाल तर घसारा वेगळा मागता येत नाही, पण मागितला असं धरूनच पुस्तकी किंमत दरवर्षी खाली येते. ती काढताना सुरुवात १०.५० लाखांपासून करा, १४ पासून नाही. ही चूक मशिन विकायच्या दिवशी उघडी पडते.

---

जुनी_वही

कॅपिटल रिझर्व्हवाले गृहस्थ अगदीच चुकीचे नाहीत हो. नवा उद्योग उभारण्यासाठी दिलेली सबसिडी भांडवली जमा असते, धंद्याची कमाई नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने पोन्नी शुगर्समध्ये २००८ साली सांगितलंय. आपल्या पुण्याच्या चाफळकर ब्रदर्सचा निकालही आहेच, २०१७ चा. मल्टिप्लेक्सना करमणूक शुल्कात दिलेली सूट भांडवली ठरली. पैसा कोणत्या खिशातून आला, कधी आला, कसा मोजला हे गौण. कशासाठी दिला ते बघायचं.

---

कलमबाज

जुनी_वही, दोन्ही निकाल आजही उभे आहेत, पण ज्या वर्षांचे आहेत त्या वर्षांपुरते. चाफळकरचा निकाल २०१७ चा असला तरी वाद आधीच्या वर्षांचा होता. २०१५ च्या वित्त कायद्याने अठरावा उपखंड घातला, तो कर निर्धारण वर्ष २०१६-१७ पासून. त्यानंतर ‘उद्देश काय होता’ ही कसोटी करापुरती जवळपास निकामी झाली. आधी भांडण असायचं भांडवली की महसुली (म्हणजे धंद्याची करपात्र कमाई). साहनी स्टीलमध्ये १९९७ साली उत्पादन सुरू झाल्यानंतर मिळणारा विक्रीकर परतावा आणि विजेची सवलत महसुली ठरली, पोन्नीत कर्जफेडीसाठी दिलेला लाभ भांडवली ठरला. संसदेने ही सगळी रेघच पुसली आणि दोन्ही प्रकार उत्पन्नात घातले.

ही तरतूद घटनाबाह्य आहे असं म्हणत सीरम इन्स्टिट्यूट मुंबई उच्च न्यायालयात गेली होती. विषय आपल्याच राज्याच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेतल्या अनुदानाचा. न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये तरतूद वैध ठरवली. महाराष्ट्रातल्या करदात्याने आता पोन्नीच्या भरवशावर ६ लाख रिझर्व्हला टाकून विवरणपत्रात शून्य दाखवू नये.

गोंधळ का होतो तेही सांगतो. हिशेबाचं मानक एएस १२ प्रवर्तकाच्या गुंतवणुकीसारख्या अनुदानाला कॅपिटल रिझर्व्हमध्ये ठेवू देतं. ते ताळेबंदापुरतं. प्राप्तिकराचं आयसीडीएस ७ (करासाठी उत्पन्न मोजण्याचं मानक) तशी वाट देत नाही. ताळेबंदात रिझर्व्ह आणि करगणनेत वजावट असे दोन वेगळे आकडे राहू शकतात, त्यात बेकायदा काही नाही; फक्त जुळवणीचा एक कागद फाइलला लावा. (आयसीडीएस ऑडिट न लागणाऱ्या व्यक्तीला लागू नाही. पण कायद्याची वरची दोन कलमं सगळ्यांना लागू.)

जीएसटीचं उत्तर सोपं आहे. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम २(३१) मध्ये ‘मोबदला’ या व्याख्येतूनच केंद्र-राज्य सरकारची सबसिडी वगळली आहे, आणि कलम १५(२) च्या पाचव्या खंडात पुरवठ्याची किंमत काढताना पुन्हा वगळली आहे. ६ लाखांवर जीएसटी नाही. मशिनवर घेतलेलं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) सबसिडीमुळे परतही करावं लागत नाही. दोन ठिकाणी मात्र सांभाळा. जीएसटीची रक्कम मशिनच्या किमतीत धरून घसारा काढला असेल तर कलम १६(३) नुसार तेवढं क्रेडिट गेलं. दोन्हीकडे घेता येत नाही. आणि शेडच्या सिमेंट, पत्रा, ठेकेदाराच्या बिलांवरचं क्रेडिट कलम १७(५) मुळे मुळातच मिळत नाही. मशिनचा पाया आणि मशिनला आधार देणारा सांगाडा यांचं मिळतं, म्हणून ठेकेदाराकडून त्याचं बिल वेगळं करून घ्या.

---

पासबुक

कराचं झालं. प्रत्यक्षात सबसिडी जाते ती बँकेच्या टेबलावर, आणि बहुतेकदा कॅश क्रेडिटमुळे.

पीएमईजीपीच्या मार्गदर्शक तत्त्वांत अट आहे: टीडीआरच्या तीन वर्षांत कॅश क्रेडिटची मर्यादा एकदा तरी १०० टक्के वापरली गेली पाहिजे, आणि सरासरी वापर मंजूर मर्यादेच्या ७५ टक्क्यांच्या खाली नको. तुमच्या बाबतीत एकदा तरी ३.६० लाखांना टेकायचं आणि सरासरी २.७० लाख राखायची. तसं झालं नाही तर तिसऱ्या वर्षाअखेर त्या प्रमाणात मार्जिन मनी (म्हणजे ही सबसिडीच) बँक कापून खादी ग्रामोद्योग आयोगाला परत पाठवते. काटकसरी माणूस व्याज वाचवायला सीसी (कॅश क्रेडिट) शून्यावर ठेवतो आणि नेमका तोच यात अडकतो. टर्म लोनचे हप्ते वेळेवर, एकही चेक परत नाही, तरी कपात!

हळदीत हे जास्त अवघड. सांगलीत नवी आवक फेब्रुवारीपासून दोन-चार महिने, माल तेव्हाच भरायचा, म्हणजे मर्यादा तेव्हा शंभर टक्के लागते. दिवाळीपर्यंत माल विकून खातं रिकामं. १०० टक्क्यांची अट सहज पुरी होते, ७५ ची होत नाही. उपाय प्रकल्प अहवाल लिहितानाच करायचा असतो: सबसिडी वाढावी म्हणून खेळतं भांडवल फुगवायचं नाही. तुमचं मंजूर झालंय, तेव्हा दर तिमाहीला शाखेकडून सरासरी वापराचा आकडा मागून घ्या. स्टॉक स्टेटमेंट वेळेवर द्या, नाहीतर बँकच उचल अडवते आणि वापर कमी दिसल्याचा दोष तुमच्या माथी.

दुसरं, व्याज. टीडीआरवर व्याज मिळत नाही आणि तेवढ्या कर्जावर व्याज लागत नाही, असा नियम आहे. ६ लाख, समजा दर १०.५ टक्के, म्हणजे वर्षाला ६३,००० चा प्रश्न. संगणकात ही सूट बऱ्याचदा हाताने टाकावी लागते, आणि विसरली जाते. जानेवारी २०२५ पासूनचा उतारा काढा आणि व्याज १५.६० लाखांच्या हिशेबाने लागतंय का ते स्वतः मोजा. जादा लागलं असेल तर टीडीआरची प्रत जोडून लेखी अर्ज. ऑगस्ट ते जानेवारी या काळात मात्र पूर्ण रकमेवर व्याज लागलं असेल, ते बरोबर आहे.

याच्या उलटही घडतं: टीडीआर साध्या मुदत ठेवीसारखा उघडला जातो, व्याज जमा होतं, टीडीएस कापला जातो आणि तुमच्या २६एएसमध्ये (प्राप्तिकर खात्याचं करनोंदींचं पत्रक) न मिळणारं उत्पन्न दिसू लागतं. दिसताक्षणी बँकेकडून दुरुस्त करून घ्या, विवरणपत्र भरून झाल्यावर नव्हे.

पॉलिशरचं: मशिन बँकेकडे तारण आहे. शाखेचं लेखी ना-हरकत पत्र न घेता विकलं तर तो सबसिडीच्याही आधी कर्जकराराचा भंग. तपासणीला येणारी संस्था मंजूर प्रकल्पातली मशिनरी, बिलं आणि जागेवरचं यंत्र ताडून पाहते. म्हणून क्रम असा ठेवा: आधी नव्या ड्रमचं कोटेशन आणि बदलाचं कारण देऊन बँकेची लेखी संमती, मग जुन्याची विक्री थेट कर्जखात्यात, मग नव्याचं बिल बँकेच्या तारणात. दारावर पीएमईजीपी अर्थसाहाय्याचा फलक आहे ना? क्षुल्लक वाटतो, पण तपासणीच्या फोटोत तो लागतो.

युनिट बंदच पडलं तर दोन रस्ते. उद्योजकाच्या हाताबाहेरच्या कारणाने खातं तीन वर्षांच्या आत बुडीत गेलं, तर सबसिडी कर्जात वळती होते आणि नंतर बँकेला वसुली झाली तर ती आधी बँकेच्या थकबाकीत जाते, उरलं तरच आयोगाला परत. युनिट जागेवरच नाही, किंवा पैसा दुसरीकडे वळवला, तर रक्कम परत.

---

खतावणी

पासबुक यांच्या मुद्द्याला करबाजू जोडतो. उद्या सीसीच्या कारणाने समजा ४०,००० परत गेले. ते खेळत्या भांडवलाच्या हिश्श्यातले, जो तुम्ही उत्पन्नात दाखवला होता, म्हणून परतफेडीच्या वर्षी खर्च दाखवा. मशिनच्या हिश्श्यातली रक्कम परत गेली तर ती खर्च नाही: तेवढी पुस्तकी किंमत वाढते आणि घसारा त्या वर्षापासून पुढे वाढतो, मागचा मिळत नाही. आयसीडीएस ७ मध्ये हेच आहे, ऑडिट नसलं तरी पद्धत हीच ठेवा.

सबसिडी ‘मिळाली’ कधी धरायची, टीडीआर झाला तेव्हा की तीन वर्षांनी कर्जखात्यात वळली तेव्हा, यावर दोन मतं आहेत. अटी बाकी आहेत म्हणून थांबा असं दुसरं मत. मी टीडीआरचं वर्ष धरतो, कारण पावती उद्योजकाच्या नावे होते आणि व्याजाचा फायदाही त्या दिवसापासून सुरू होतो. शिवाय तीन वर्षं थांबलात तर १४ लाखांवर घसारा खाऊन मग एकदम ३.५० लाख वजा करायचे, तोवर पुस्तकी किंमत बरीच खाली आलेली असते. कोणतंही धरा, पण मध्येच बदलू नका.

---

कलमबाज

चौथा प्रश्न राहिला, आणि खरं तर मोठे पैसे त्यातच असतात.

पाया आहे मोतीलाल पदमपत शुगर मिल्स, १९७८. उत्तर प्रदेश सरकारने कानपूरच्या वनस्पती तुपाच्या कारखान्याला तीन वर्षं विक्रीकर माफीचं लेखी आश्वासन दिलं, कारखाना त्यावर उभा राहिला, मग सरकार फिरलं. सर्वोच्च न्यायालयाने सरकारला शब्दाने बांधलं. याला वचनप्रतिबंध म्हणतात. २०२० च्या डिसेंबरात झारखंडच्या ब्रह्मपुत्र मेटॅलिक्समध्ये हीच रेघ आणखी पुढे गेली: औद्योगिक धोरणात विद्युत शुल्कात ५० टक्के सूट जाहीर केली, अधिसूचना काढायला सरकारनेच उशीर केला, आणि म्हणून सूट मागच्या काळासाठी नाही म्हटलं. न्यायालयाने ते चालू दिलं नाही.

पण दुसरी बाजू तितकीच भक्कम आहे. कासिंका ट्रेडिंगमध्ये १९९४ साली सार्वजनिक हितासाठी सवलत मुदतीआधी मागे घेणं वैध ठरलं. आणि २०२२ चा हिरो मोटोकॉर्पचा निकाल तर प्रत्येक प्रोत्साहन योजनेच्या फाइलला लावून ठेवावा. उत्तराखंडात दहा वर्षं १०० टक्के उत्पादन शुल्क माफी होती. जीएसटी आल्यावर केंद्राने फक्त आपल्या हिश्श्याचे ५८ टक्के परत द्यायला सुरुवात केली, कारण उरलेले ४२ राज्यांना जातात. कंपन्या म्हणाल्या शब्द पाळा. न्यायालय म्हणालं, कायदा बदलला असेल तर कायदेमंडळाविरुद्ध वचनप्रतिबंध चालत नाही.

सामूहिक प्रोत्साहन योजनेचं बहुतेक अनुदान राज्य जीएसटीशी बांधलेलं असतं, त्यामुळे हा धोका कागदावरचा नाही. जायचंच असेल तर पुढचं बघा. मंत्र्यांचं भाषण किंवा माहितीपुस्तिका म्हणजे वचन नव्हे; शासन निर्णय आणि तुमच्या नावाचं पात्रता प्रमाणपत्र म्हणजे वचन. गुंतवणुकीच्या तारखा शासन निर्णयात दिलेल्या काळातच बसल्या पाहिजेत, मशिनचं बिल आठवडाभर आधीचं असलं तरी ते स्थिर भांडवली गुंतवणुकीतून उडतं. आणि पात्रतेच्या मूळ अटीत सूट मागायला कोर्टात जाऊ नका. मंगलोर केमिकल्सच्या १९९१ च्या निकालाने प्रक्रियेची अट आणि मूळ अट यांत फरक केला आहे. एखादा फॉर्म उशिरा गेला तर वाद घालता येतो, मुदतीत उत्पादनच सुरू झालं नाही तर नाही.

आणखी एक. पीएमईजीपीत आधी दुसऱ्या सरकारी योजनेची सबसिडी घेतलेलं युनिट बसत नाही. तुमचा क्रम उलटा आहे, पीएमईजीपी आधी, त्यामुळे तिथे अडत नाही. पण त्याच मशिनवर राज्याचं अनुदान मागताना ‘याच मालमत्तेवर अन्य सहाय्य घेतलेले नाही’ असं प्रतिज्ञापत्र समोर आलं तर सही करण्याआधी दोनदा वाचा. विस्तारासाठी नवी मशिनरी वेगळी दाखवा.

---

हळदकांडी

सगळ्यांचे आभार. उतारा काढला: जानेवारीपासून व्याज पूर्ण २१.६० च्या हिशेबानेच लागतंय, सूट दिलेलीच नाही. उद्या अर्ज देतो. एक शंका: विस्तारासाठी पीएमईजीपीतच दुसरं कर्ज मिळतं असं ऐकलं, ते राज्याच्या योजनेपेक्षा बरं का?

---

पासबुक

मिळतं, पण आत्ता नाही. पहिल्या कर्जाचं मार्जिन मनी वळतं झालेलं हवं, पहिलं कर्ज वेळेत फिटलेलं हवं, आणि तीन वर्षं नफा दिसला पाहिजे. उत्पादनासाठी प्रकल्पमर्यादा १ कोटी, सबसिडी १५ टक्के, म्हणजे जास्तीत जास्त १५ लाख (डोंगरी आणि ईशान्य राज्यांत २० टक्के). हे आकडे २०२५-२६ पर्यंतच्या मार्गदर्शक तत्त्वांतले. तुम्ही अर्ज कराल तेव्हा लागू असलेली तत्त्वं उतरवून घ्या. ग्रामीण खुल्या प्रवर्गाचे २५ टक्के इथे मिळत नाहीत, म्हणून प्रकल्प अहवालात जुना आकडा चिकटवू नका. परत येतो तो अर्ज बहुतेक त्याच ओळीवर.

अर्जात तीन गोष्टी लिहा: टीडीआरची तारीख आणि रक्कम, त्या तारखेपासून लागलेलं व्याज महिन्यागणिक, आणि परत मागत असलेली बेरीज. पोच घ्या. सीसीच्या खात्यावर सूट मागू नका, टर्म लोनवरच मागा. नाहीतर सीसीचा सरासरी वापर काढताना तेच आकडे पुन्हा गोंधळतात.